ब-१ मिळाला, पण अपूर्णांक येत नाहीत

दिवाळीची सुट्टी संपली, पहिल्या सत्राची प्रगतिपुस्तकं घरोघरी पोहोचली आणि या सदराकडे येणारी पत्रं वाढली. या वेळी फक्त श्रेणी, गुण आणि पालकसभा यांवरचीच पत्रं घेतली आहेत. मी ठाण्यात मराठी माध्यमाच्या शाळेत आधी प्राथमिकला आणि मग माध्यमिकला गणित शिकवलं. हजेरीपटाइतकीच मूल्यमापनाची नोंदवही हाताळली, त्यामुळे या विषयावर मला जरा जास्त बोलायचं आहे. पत्रलेखकांची नावं अर्थातच देत नाही.

प्रश्न : माझा मुलगा सहावीत आहे, शाळा मराठी माध्यमाची. गणितात ब-१ श्रेणी आली म्हणून घरात सगळे खूश होते. पण मी त्याला सहज ३/४ + २/३ करायला दिलं, तर त्यानं ५/७ लिहिलं आणि तेच बरोबर म्हणून माझ्याशी वाद घातला. शाळेत जाऊन विचारलं. बाईंनी नोंदवही उघडून दाखवली : आकारिक ५० पैकी ४६, तोंडी १० पैकी ९, लेखी ४० पैकी १७. म्हणाल्या, ‘एकूण ७२ आहेत, काळजीचं काही नाही.’ मी काळजी करावी की नाही?
— एक आई, ऐरोली

उत्तर : ताई, करा. फक्त नेमकी कशाची करायची ते आधी बघू. सर्वांत आधी एक सांगते : तुमच्या मुलाच्या बाईंनी नोंदवही उघडून दाखवली, ही फार चांगली गोष्ट आहे. त्यांच्याशी संबंध जपा.

आपल्या राज्यात २०१० च्या ऑगस्टमध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यात प्रत्येक सत्रात दोन भाग असतात. वर्षभर वर्गात चालतं ते आकारिक आणि सत्राच्या शेवटी होतं ते संकलित, म्हणजे तोंडी आणि लेखी मिळून. पहिली-दुसरीला आकारिकाला ७० आणि संकलिताला ३० गुण, तिसरी-चौथीला ६० आणि ४०, पाचवी-सहावीला निम्मे निम्मे, सातवी-आठवीला ४० आणि ६०. मूल जितकं लहान, तितका एका दिवसाच्या पेपरवर कमी भार, असा त्यामागचा विचार. तो मला तेव्हाही पटला होता, आजही पटतो. माझ्या वर्गात एक मुलगी होती. पेपर हातात पडला की तिचं पेन चालायचं नाही, पण फळ्याजवळ उभी राहून लसावि असा समजावून सांगायची की बाकीची मुलं माझ्याऐवजी तिलाच शंका विचारायची. जुन्या सहामाही-वार्षिकच्या पद्धतीत ती काठावर पास झाली असती आणि तिला गणित येतं हे कागदावर कुठेच उमटलं नसतं.

आता तुमच्या मुलाचे आकडे बघा. ४६ अधिक ९ अधिक १७ म्हणजे ७२. ब-१ ही श्रेणी ७१ ते ८० ची, म्हणून तो ब-१ मध्ये बसला. बेरजेत काही चूक नाही. पण लेखी पेपरात त्याला ४० पैकी १७ आहेत, म्हणजे ४२-४३ टक्के. त्या एका भागाचीच श्रेणी काढली असती तर क-२ आली असती. आकारिकात ९२ टक्के आणि लेखीत ४३ टक्के, यांतला फरक ही त्या प्रगतिपुस्तकातली सर्वांत महत्त्वाची माहिती आहे, आणि नेमकी तीच एका अक्षरात दिसेनाशी झाली. माझं मत मी शाळेत असतानाही बैठकीत मांडत आले : पालकांना दोन्ही भाग वेगळे दाखवले पाहिजेत. एकच अक्षर द्यायचं असेल तर त्याच्याशेजारी हे दोन आकडे लिहायला फक्त दोन रकाने लागतात.

एवढा फरक पडण्याची कारणं दोन असू शकतात. पहिलं, मुलाला विषय येतो पण लिहिताना अडतो. तो सावकाश लिहितो, उदाहरण वाचण्यात गडबड करतो किंवा पेपरला घाबरतो. दुसरं, आकारिकाचे गुण सढळ हातानं दिलेले आहेत. आकारिकात दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, छोटी लेखी चाचणी, स्वाध्याय अशी साधनं असतात. वही वेळेवर पूर्ण केली, प्रकल्प सजवून आणला, की प्रत्येकात दहापैकी नऊ. असं झालं की गुण गणिताचे राहत नाहीत, वेळेवर वही देण्याचे होतात.

यांतलं कुठलं कारण तुमच्या घरी आहे, ते बाईंना एकच प्रश्न विचारून कळेल : ‘वर्गात गणिताचे आकारिकाचे सर्वांत कमी गुण किती आहेत?’ नाव विचारू नका, नुसता आकडा विचारा. वर्गातली सगळी मुलं ४३ ते ४८ च्या आतच असतील, तर तुमच्या मुलाच्या ४६ वरून त्याला काय येतं हे काहीच कळत नाही. मग लेखीचे १७ गुणच खरे धरा आणि तिथून कामाला लागा. वर्गात कुणाला २५, कुणाला ३१ असे गुण असतील, तर बाई मन लावून नोंदी करतात. मग ४६ ला अर्थ आहे आणि मुलाची अडचण लिहिण्यात आहे.

तुमच्या पत्रावरून मात्र अंदाज बांधते. ३/४ + २/३ = ५/७ हे उत्तर हजारो मुलं लिहितात. वरचे वरच्यात मिळवले, खालचे खालच्यात. घाईत झालेली ही चूक नाही. अपूर्णांक म्हणजे एक संख्या, हे अजून त्याच्या मनात बसलेलं नाही. तो दोन वेगळ्या संख्यांची जोडी बघतोय. त्याला छेद समान करायची रीत पुन्हा घोकायला लावू नका. त्याला विचारा, ३/४ मोठा की ५/७? छेद २८ केले तर ३/४ म्हणजे २१/२८ आणि ५/७ म्हणजे २०/२८. म्हणजे पाऊण किलो साखरेत आणखी साखर ओतली आणि वजन पाऊण किलोपेक्षा कमी भरलं! हे त्याचं त्यालाच दिसू दे. वाद घालणारा मुलगा आहे, त्याला हे पटकन झोंबेल आणि तेच हवं आहे. उत्तर एकापेक्षा मोठं यायला हवं, हे आधी अंदाजानं सांगता आलं पाहिजे. रीत त्यानंतर. पाचवीच्या गणिताच्या पुस्तकातला अपूर्णांकांचा भाग काढा आणि आठवडाभर रोज थोडा थोडा वेळ फक्त लहान-मोठेपणा ठरवायला द्या. दुसऱ्या सत्रात गुणोत्तर-प्रमाण, शेकडेवारी, नफा-तोटा आहे. ते सगळं अपूर्णांकांवरच उभं आहे, म्हणून आत्ताच.

आणि बाईंना पुढच्या वेळी श्रेणीबद्दल विचारू नका. उत्तरपत्रिका मागा. ४० पैकी २३ गुण कुठे गेले, हे उत्तरपत्रिकेवर लाल शाईत लिहिलेलं असतं.

प्रश्न : आमच्या मुलीला सीबीएसईच्या दहावीत विज्ञानात ८१ गुणांना ए-टू मिळाली आणि मराठीत ८१ गुणांनाच बी-वन. बोर्डाकडून चूक झाली का? दुरुस्तीसाठी अर्ज करायचा आहे.
— एक वडील, नेरूळ

उत्तर : दादा, अर्ज करू नका, चूक नाही. नववीपर्यंत शाळेच्या प्रगतिपुस्तकात ९१ च्या पुढे ए-वन, ८१ ते ९० ए-टू अशी गुणांवरून श्रेणी असते. त्यामुळे दहावीतही तसंच असणार असं सगळे धरून चालतात. सीबीएसईच्या दहावी-बारावीच्या बोर्ड परीक्षेत तसं नाही. तिथे एकेका विषयात उत्तीर्ण झालेल्या मुलांना गुणांप्रमाणे रांगेत लावतात आणि रांगेचे आठ समान भाग करतात. पहिल्या अष्टमांशाला ए-वन, दुसऱ्याला ए-टू, तिसऱ्याला बी-वन, असं खाली डी-टूपर्यंत. म्हणजे श्रेणीवरून मुलगी इतरांच्या तुलनेत कुठे आहे ते कळतं. तिला किती येतं, ते कळत नाही. ज्या विषयात बहुतेकांना भरभरून गुण पडतात तिथे ८१ वाला रांगेत मागे जातो, तुमच्या मुलीचं मराठीत तेच झालं.

अकरावीच्या प्रवेशाला गुण बघतात, म्हणून प्रत्यक्षात काही बिघडत नाही. पण तुम्ही पत्रात लिहिलंय की ती ‘माझं मराठी कच्चं आहे’ म्हणते. तिला हे आठ भागांचं गणित आजच समजावून सांगा. ८१ गुणांची मुलगी कच्ची नसते.

प्रश्न : मुलगा आठवीत आहे. शाळेनं सभेत सांगितलं की यंदा नापास होऊ शकतो. आठवीपर्यंत नापास करत नाहीत ना?
— एक पालक, कळवा

उत्तर : करत नव्हते, आता करू शकतात. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, तेव्हा आठवीपर्यंत कुणालाही मागे ठेवायचं नाही असं त्यात होतं. २०१९ मध्ये कायद्यात बदल झाला आणि पाचवी-आठवीला परीक्षा घेऊन मागे ठेवायचं की नाही, हे राज्यांवर सोपवलं गेलं. महाराष्ट्रानं डिसेंबर २०२३ मध्ये या दोन इयत्तांसाठी वार्षिक परीक्षा आणली. प्रत्येक विषयात ३५ टक्के लागतात. कमी पडले तर पुन्हा परीक्षेची संधी मिळते, तीही गेली तर त्याच वर्गात बसावं लागतं. मात्र आठवी पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढता येत नाही, तसं कुणी सुचवलं तर लेखी मागा.

आज नोव्हेंबर आहे. एप्रिलच्या भीतीपेक्षा या सत्रात कुठल्या विषयात ३५ च्या आसपास गुण आहेत ते बघा आणि शाळेला विचारा की त्या विषयासाठी जादा मार्गदर्शन कधी आणि कोण देणार. मागे पडलेल्या मुलाला जादा मार्गदर्शन देणं हे शाळेचंच काम आहे, त्यासाठी क्लास लावा असं शाळेनं सुचवायचं नसतं.

प्रश्न : मी घोडबंदर रोडवरच्या एका शाळेत चौथीला शिकवते. वर्गात ५२ मुलं आहेत. वर्णनात्मक नोंदी लिहिताना मला स्वतःचीच लाज वाटते. ‘उत्तम सहभाग’, ‘अक्षर सुधारावे’, ‘चित्रकलेची आवड’ हीच वाक्यं फिरवून लिहिते. मोबाईलवर तयार नोंदींची यादी फिरते, सगळे तीच उतरवतात. वेगळं कसं करावं?
— एक शिक्षिका

उत्तर : बाळ, तुला वाईट वाटतंय यातच अर्धं काम झालं. ५२ मुलांचा वर्ग ही तुझी चूक नाही. पाचवीपर्यंत शाळा लहान असो की मोठी, एका शिक्षकामागे ४० च्या वर मुलं असू नयेत असं कायदा सांगतो. हे मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला कुणीतरी लेखी विचारलं पाहिजे. समिती असलेल्या शाळांत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, ते विचारू शकतात.

तोवर तू काय करायचंस ते सांगते. प्रगतिपुस्तकात ‘विशेष प्रगती’, ‘आवड, छंद’ आणि ‘सुधारणा आवश्यक’ असे तीन रकाने असतात. ते सत्राच्या शेवटी एका बैठकीत भरायला घेतलेस, तर ५२ मुलांबद्दल नवीन काही सुचणं शक्यच नाही. मी एक शंभर पानी वही ठेवायचे, प्रत्येक मुलाला एक पान. रोज सकाळी पाच नावं ठरवायची आणि त्या दिवशी फक्त त्या पाच मुलांकडे डोळे ठेवायचे. दिवस संपताना प्रत्येकाबद्दल एक ओळ, तारखेसह. दोन-अडीच आठवड्यांत अख्खा वर्ग एकदा होतो. सत्रात प्रत्येक मुलाच्या पानावर पाच-सहा ओळी जमतात. मग प्रगतिपुस्तक भरताना आठवायला लागत नाही, निवडायला लागतं.

ओळ कशी असावी? जे डोळ्यांनी दिसलं आणि दुसऱ्या माणसाला उपयोगी पडेल ते. ‘गणितात लक्ष द्यावे’ हे वाचून आई काय करणार? त्याऐवजी लिही : ‘हातच्याची वजाबाकी येते, पण मध्ये शून्य आलं की अडतो, जसं ५०४ वजा २७८.’ आता आई आज रात्री पाच उदाहरणं देऊ शकते. ‘वाचन सुधारावे’ ऐवजी : ‘जोडाक्षरं सुटी वाचते, रकार आणि रफार यांत गोंधळते. ओळखीची गोष्ट मात्र न अडखळता वाचते.’ ‘शांत मुलगा’ ऐवजी : ‘मोठ्या गटात बोलत नाही, दोघांच्या जोडीत स्वतःहून समजावतो.’ आणि ‘विशेष प्रगती’ या रकान्यात जुलैत काय येत नव्हतं आणि ऑक्टोबरमध्ये काय येतं, एवढंच लिही. प्रगती म्हणजे दोन तारखांमधलं अंतर. पहिली तारीखच लिहून ठेवली नाही तर अंतर मोजणार कसं?

त्या मोबाईलवरच्या याद्यांबद्दल मला मनापासून राग येतो. एका घरात थोरल्या आणि धाकट्या बहिणीच्या प्रगतिपुस्तकात शब्दशः एकच नोंद आलेली मी पाहिली आहे. धाकटीनं ती मोठ्यानं वाचून दाखवली. तिला कळलं की आपल्याबद्दल कुणी काही लिहिलंच नाही. आठ वर्षांच्या मुलीला ते लगेच कळतं.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये समग्र प्रगतिपत्रक सांगितलं आहे. त्यात शिक्षकाबरोबर मूल स्वतःबद्दल लिहितं, सोबतची मुलं लिहितात, घरूनही माहिती येते. ते तुझ्या शाळेत येईल तेव्हा पानं वाढतील आणि तयार याद्याही वाढतील. तुझी शंभर पानी वही तेव्हाही चालेल.

प्रश्न : मुलीच्या वर्गशिक्षकांनी पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर सगळ्या वर्गाचे गुण नावांसह टाकले. माझ्या मुलीला सर्वांत कमी होते. ती दोन दिवस शाळेत गेली नाही. तक्रार केली तर तिच्यावर राग धरतील का?
— एक आई, कोपरखैरणे

उत्तर : तक्रार कराच, पण गटावर नाही. मुख्याध्यापकांना भेटून दोन वाक्यांचं पत्र द्या : गुण प्रत्येक पालकाला स्वतंत्र कळवावेत आणि टाकलेला तक्ता काढून टाकावा. मुलीचं नाव किंवा गुण पत्रात लिहू नका, म्हणजे ते एका मुलीचं गाऱ्हाणं राहणार नाही. ज्यांच्या मुलांना जास्त गुण आहेत अशा एक-दोन पालकांची सही मिळाली तर फार बरं, त्यांना जाऊन विचारा. बहुतेक जण हो म्हणतात. श्रेणीपद्धत आणण्यामागे पहिला-दुसरा-शेवटचा हे वर्गातून जावं हाच हेतू होता. नावांसह तक्ता टाकला की ते सगळं परत घरात येतं.

मुलीला शाळेत पाठवताना तिच्या सर्वांत जवळच्या मैत्रिणीबरोबर पाठवा. आणि तक्त्याबद्दल घरात कुणी, आजी-आजोबांनीसुद्धा, चार दिवस चकार शब्द काढायचा नाही.

प्रश्न : मी महापे एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करतो. पालकसभा शनिवारी दुपारी असते, मला जमत नाही. बायको जाते, पण आम्ही दोघं चौथीपर्यंतच शिकलो. ती बाईंसमोर बसून सही करते आणि परत येते. मुलगी तिसरीत आहे. काय विचारायचं तेच कळत नाही.
— एक वडील, घणसोली

उत्तर : दादा, तुमचं पत्र मी सर्वांत आधी वाचलं होतं, शेवटी ठेवलं कारण याचं उत्तर सगळ्यांनाच लागू आहे.

आधी तुमचा हक्क सांगते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकाची कर्तव्यं दिली आहेत. त्यांतलं एक असं : पालकांशी नियमित बैठका घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती त्यांना सांगणं. म्हणजे सही घेतली की बाईंचं काम संपत नाही. तुम्हाला समजेल असं सांगणं हा त्या कामाचा भाग आहे. तुम्ही किती शिकलात याचा इथे काही संबंध नाही.

वहिनींना सांगा, मुलीला सोबत घेऊन जा. माझ्या वर्गात एक आई यायची, धुण्याभांड्याची कामं करणारी. तिनं प्रगतिपुस्तकाकडे पाहिलंही नाही, म्हणाली, ‘बाई, हिला वाचता येतं का ते मला ऐकवा.’ मी पुस्तकातला न शिकवलेला धडा उघडून मुलीपुढे धरला. ती वाचू लागली, एका ठिकाणी अडली, मी आईला सांगितलं कुठे अडली आणि का. तेवढ्या वेळात त्या आईला मुलीबद्दल जे कळलं, ते कुठल्याही श्रेणीवरून कळलं नसतं. वहिनींनी हेच करावं : न शिकवलेलं पान वाचून दाखवायला सांगायचं, एक बेरीज आणि एक हातच्याची वजाबाकी बाईंसमोर करायला सांगायची. ‘माझी मुलगी वर्गात कशी आहे’ असं विचारलं की ‘चांगली आहे’ हेच उत्तर येतं. ‘हिला आत्ता काय येत नाही?’ आणि ‘पुढच्या महिन्यात काय यायला हवं?’ असं विचारलं की बाईंना नेमकं बोलावं लागतं.

घरी शिकवता येत नाही याचं दडपण घेऊ नका. मुलीला रोज जेवायच्या आधी एक पान मोठ्यानं वाचायला लावा आणि फक्त ऐका. अडखळली तर तुम्हालाही ऐकू येईल. गेल्या महिन्यापेक्षा कमी अडखळते का, ते तुम्ही दोघंच सर्वांत चांगलं सांगू शकाल. पुढच्या सभेत वहिनींनी ते बाईंना सांगावं.

शनिवारचं म्हणाल, तर सभेच्या आठवडाभर आधी मुलीच्या डायरीत चिठ्ठी पाठवा. स्वतः लिहा, शुद्धलेखनाची फिकीर नको : तुमची शिफ्ट कोणती, कुठल्या दिवशी सकाळी शाळा भरताना दहा मिनिटं येऊ शकता, आणि फोन नंबर. दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर तीच चिठ्ठी मुख्याध्यापकांच्या टेबलावर द्या.